आधी भरतीचा तक्ता, मग कॅमेरा: ठाणे खाडीतल्या पाहुण्या पक्ष्यांचे फोटो

जानेवारी लागला की माझा फोन वाजायला लागतो. पुणे, नाशिक, कधी थेट नागपूर. प्रश्न एकच: "शनिवारी येतोय, सकाळी सहाला पोचलो तर चालेल ना?" मी विचारतो, त्या दिवशी भरती कितीला आहे? पलीकडे शांतता.

गेल्या हंगामात माझा मावसभाऊ रात्रीतून गाडी हाणत खाडीकाठच्या ऐरोलीला आला. सहाशे मिलिमीटरची लेन्स भाड्याने घेतलेली, थर्मासमध्ये चहा, सगळं चोख. सूर्योदयाला किनाऱ्यावर हजर. समोर लांबच लांब उघडा चिखल आणि त्याच्या पार पलीकडे गुलाबी रेघ. ती रेघ म्हणजे हजारो रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. सकाळभरात त्याने नऊशे फोटो काढले आणि सगळ्यांत तीच रेघ आली. लेन्स चांगली होती, हातही वाईट नव्हता. चुकला होता तो दिवस.

जंगलात पक्ष्याचं घड्याळ सूर्यावर चालतं. खाडीत ते पाण्यावर चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी चरायला आत, दूरवर पांगतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलतं, आणि चिखल पुरता बुडाला की ते उडून आतल्या पाणथळींवर विसाव्याला येतात. तुम्ही पक्ष्याकडे जायचं नसतं, पाणी त्याला आणून देतं. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून क्रम मोडू नका.

१. तारीख ठरवा, पण सुट्टी बघून नाही

हंगाम मोठा आहे. किनारपक्षी, म्हणजे चिखल्या, तुतवार, गॉडविट, कर्ल्यू हे सप्टेंबरपासून दिसू लागतात. रोहित साधारण नोव्हेंबरपासून येतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत थांबतात. जानेवारी ते एप्रिल सर्वात भरलेला काळ. एप्रिलची एक खास गंमत आहे. परतीला निघालेल्या किनारपक्ष्यांवर विणीचा रंग चढलेला असतो, हिवाळ्यात राखाडी दिसणारा कर्ल्यू सँडपायपर तेव्हा विटकरी लाल होतो. उकाडा सोसायची तयारी असेल तर एप्रिल सोडू नका.

महिना ठरला की तिथी बघा. कोळीवाड्यांतला जुना हिशोब अजून चालतो: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. एकादशी असेल तर ११ गुणिले ३ म्हणजे ३३, भागिले ४ म्हणजे सव्वाआठ. मुंबईच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर हे उत्तर बऱ्याचदा अर्धा-पाऊण तास अलीकडचं निघतं, तेव्हा पावणेनऊ-नऊ धरा. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज हे सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं.

यावरून सकाळच्या उजेडासाठी दोन प्रकारचे दिवस निघतात.

काठावरून, पाणी चढताना फोटो काढायचे असतील तर द्वादशी ते चतुर्दशी. भरती दहा-अकराच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे सात ते साडेनऊ या कोवळ्या उन्हात पाणी चढत असतं आणि पक्षी दर दहा मिनिटांनी थोडे जवळ सरकत असतात.

आतल्या पाणथळींवर विसावलेले थवे हवे असतील तर एकादशीच्या आसपास. आठ-नऊला चिखल बुडालेला असतो.

अष्टमी-नवमीच्या वाटेला जाऊ नका. तो भांगाचा काळ. पाणी जेमतेम चढतं, चिखल पुरता बुडत नाही आणि पक्ष्यांना हलायचं कारणच उरत नाही. तृतीया-चतुर्थीची सकाळही तशीच फसवी, कारण ओहोटी नेमकी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास येते. मावसभाऊ आला होता ती तृतीया होती.

*तपासा:* पंचांगावरून फक्त अंदाज घ्या. निघण्यापूर्वी भरतीचा तक्ता उघडून वेळ आणि उंची दोन्ही लिहून घ्या. उंची चार मीटरच्या वर असेल तर पाणी चांगलं भरतं. तक्ता मुंबई बंदराचा असतो. खाडीच्या आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी थोडं मागाहून पोचतं.

२. काठ कोणता, ते वेळेवरून ठरवा

ठाणे खाडी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ हा पूर्वेचा, म्हणजे नवी मुंबईचा काठ. भांडुप, मुलुंड हा पश्चिमेचा. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर निम्मे फोटो आपोआप सुधारतात.

सकाळी सूर्य पूर्वेला असतो. नवी मुंबईच्या काठावर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलात तर ऊन तुमच्या पाठीशी आणि पक्ष्याच्या अंगावर. त्याच वेळी भांडुपच्या काठावरचा माणूस उन्हाविरुद्ध काळ्या आकृत्या टिपत असतो. दुपारनंतर हेच उलट.

वाराही तुमच्याच बाजूने असतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा जमिनीकडून, पूर्वेच्या अंगाने येतो. दुपारी समुद्रावरून, पश्चिमेकडून. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन बसतो, उडतोही वाऱ्याच्या तोंडावर आणि उतरतोही तसाच. म्हणजे सकाळी नवी मुंबईच्या काठावरून पक्ष्याचा चेहरा तुमच्याकडे, ऊनही चेहऱ्यावर. संध्याकाळी हीच मेहेरबानी पश्चिम काठावर.

जागांचं थोडक्यात सांगतो. ऐरोलीला वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोट जाते. ट्रान्स-हार्बर लोकलच्या ऐरोली स्टेशनवरून रिक्षा मिळते. नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, या भरतीच्या वेळच्या विसाव्याच्या जागा. सीवूड्स-दारावे स्टेशन जवळ. भांडुपला उदंचन केंद्राचा, म्हणजे पंपिंग स्टेशनचा परिसर, दुपारसाठी.

एका दिवसात तिन्ही ठिकाणं करायचा बेत आखू नका. पाम बीच रोडवर गाडीत बसून भरती निघून जाते.

*सावध:* काही वाटा खासगी संकुलांतून किंवा शासकीय आवारातून जातात. फाटकावर अडवलं तर हुज्जत घालू नका, परवानगीची चौकशी आदल्या दिवशीच करा. आडबाजूच्या बांधावर एकट्याने जाऊ नका.

३. सामान आदल्या रात्री

लेन्स चारशे मिलिमीटर किंवा पुढची. १५०-६०० ची झूम बहुतेकांना पुरते आणि भाड्याने सहज मिळते. भाड्याची लेन्स किमान एक दिवस आधी घरी आणा आणि गच्चीवरून कावळे-घारींवर हात बसवा. खाडीवर पहिल्यांदा पिशवीतून काढलेल्या लेन्सचं कुठलं बटण कशाचं, हे शोधण्यात पहिला थवा निघून जातो.

तिपाई घरी ठेवली तरी चालेल. बांधावर बसून काढायला तांदळाची पिशवी, म्हणजे बीनबॅग, सर्वांत उत्तम. प्रवासात ती रिकामी आणा, स्टेशनबाहेर किराणा दुकानातून दोन किलो तांदूळ घेऊन भरा. परत जाताना ओझं वाटलं तर कुणाला तरी देऊन टाका. माझ्याकडे मात्र त्या तांदळाचा रात्री भात होतो.

बाकी यादी छोटी आहे: दोन बॅटऱ्या, दोन कार्ड, दुर्बीण, मऊ सुती फडकं, पाणी, टोपी, डासांचं मलम, मळकट रंगाचे कपडे. पांढरा शर्ट नको. दुर्बीण अनेक जण टाळतात, आणि तिथेच दुर्मिळ पक्षी हुकतो. कॅमेऱ्यातून शोधणं म्हणजे किल्लीच्या भोकातून घर बघणं.

*सावध:* एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. खाडीवरची दमट हवा थंड काचेला लागली की आत-बाहेर दव धरतं. पिशवी बंद ठेवूनच वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. म्हणून भरतीच्या हिशोबापेक्षा अर्धा तास आधी पोचा.

४. कॅमेऱ्याची मांडणी, काठावर पोचण्याआधी

पक्षी समोर आल्यावर मेन्यू उघडायचा नाही. स्टेशनवर, रिक्षात, कुठेही बसून हे लावून घ्या.

फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेली. फोकस सतत चालणारा, म्हणजे कंटिन्युअस. ॲपर्चर एफ ६.३ ते एफ ८. शटर चरणाऱ्या पक्ष्यासाठी १/८०० च्या आसपास, उडणाऱ्यासाठी १/२००० किंवा वर. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा. ऑटो प्रत्येक फ्रेमला गुलाबीचा अर्थ वेगळा लावतो.

आता उजेडाचं, कारण सर्वांत जास्त फोटो इथे वाया जातात. मोठा रोहित जवळपास पांढरा असतो आणि मागे काळपट चिखल. कॅमेरा चिखल बघून फ्रेम उजळवतो आणि पक्षी जळतो. पिसांचे तपशील गेले की रॉमधूनही परत येत नाहीत. चिखलाच्या पार्श्वभूमीवर एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. चमकत्या पाण्यावर किंवा फिकट आभाळावर उलट, तेवढंच वाढवा. भरती चढत असते तेव्हा पार्श्वभूमी दर अर्ध्या तासाला बदलते, म्हणून हा आकडा एकदा लावून विसरायचा नाही.

दुसरी बारीक गोष्ट. रोहिताच्या पंखातला लाल भाग जळतो तेव्हा कॅमेऱ्यातल्या साध्या आलेखात, म्हणजे हिस्टोग्राममध्ये, कळत नाही, तिथे सगळं ठीक दिसतं. तीन रंगांचा वेगळा आलेख उघडा आणि लाल रेषा उजव्या कडेला आपटत नाही ना, ते बघा. आपटत असेल तर अजून एक-तृतीयांश कमी.

*तपासा:* पोचल्यावर पहिला फोटो बगळ्याचा काढा. बगळा सगळीकडे असतो, पांढराशुभ्र असतो आणि घाई करत नाही. त्याची पिसं नीट आली तर रोहितही येतील.

५. पहिली वीस मिनिटं कॅमेरा खाली

हा टप्पा सगळे गाळतात. काठावर पोचलात की बसा. उभा माणूस पक्ष्याला लांबून दिसतो, बसलेला माणूस थोड्या वेळाने झुडपासारखा होतो. शिवाय खाली बसून काढलेला फोटो पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो. उभ्याने काढलेल्या फोटोत सगळी पाठ आणि चिखलच दिसतो.

दुर्बिणीने थवा डावीकडून उजवीकडे सावकाश चाळा. आधी नेहमीचे ओळखून बाजूला काढा: लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, तपकिरी डोक्याचे कुरव. दुर्मिळ पाहुणा बहुतेक वेळा एकटा न येता नेहमीच्यांच्या थव्यात मिसळून येतो. शंभरात एक वेगळा दिसायला आधी नव्व्याण्णव ओळखीचे असावे लागतात.

रोहितांतही दोन जाती आहेत. मोठा उंच, फिकट, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहान रोहित बुटका, रंगाने गडद, आणि त्याची चोच दुरून सगळी काळपट लाल दिसते. खाडीत लहान रोहित जास्त. राखाडी-मळकट दिसणारे आजारी नसतात, ती पोरं असतात. त्यांचे फोटो पुसून टाकू नका.

पाणी कुठून चढतंय बघा आणि त्याच्या पुढची कोरडी पट्टी हेरा. पक्षी तिथेच येणार. तुम्ही आधीच त्या पट्टीच्या समोर बसलेले असा.

*सावध:* चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसणारा थर पाय ठेवताच मांडीपर्यंत आत घेतो, आणि पाणी चढत असतं. वाट करायला कांदळवन तोडणं, वाकवणं हा गुन्हा आहे.

६. वेगळा पक्षी दिसला: आधी पुरावा, मग चित्र

माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कुरवांच्या घोळक्यात एक पक्षी वेगळा वाटला. उजेड चांगला नव्हता, म्हणून आधी जागा बदलायला उठलो. वाकून वीस पावलं गेलो असेन, अख्खा घोळका उठला. तो काय होता, हे मला आजही माहीत नाही. कार्डवर त्याचा एक धूसर फोटो असता तरी कुणीतरी ओळखला असता.

म्हणून क्रम असा.

पहिला फोटो जिथे आहात तिथून, जसा येईल तसा, लगेच.

मग ओळखीचे भाग: चोच बाजूने, पाय, पाठ, आणि पंख ताणेल किंवा उडेल तेव्हा पंखाची पट्टी व शेपूट. किनारपक्ष्यांत खरं उत्तर बहुधा उडताना मिळतं. काळ्या शेपटीच्या गॉडविटच्या पंखावर रुंद पांढरी पट्टी दिसते, पट्टेरी शेपटीच्या गॉडविटला ती नसते. जमिनीवर मात्र दोघे भाऊ-भाऊ. कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेलमध्ये डोक्याचा फोटो लागतो: व्हिम्ब्रेलच्या टाळूवर गडद पट्टे, कर्ल्यूचं डोकं साधं.

मग शेजारच्या ओळखीच्या पक्ष्यासह एक फ्रेम, आकाराचा अंदाज यायला.

पायात कडी किंवा रंगीत झेंडी असेल तर तिचा फोटो सुंदर फोटोपेक्षा मोलाचा. रंग, अक्षरं, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, हे सगळं टिपा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पक्षी कुठून आला ते त्यावरून उलगडू शकतं.

एवढं झाल्यावर मग उजेड, पार्श्वभूमी, प्रतिबिंब. खाडीत मागे मनोरे, विजेच्या तारा, इमारती येणारच. त्या कापायच्या नादात अनेक जण फ्रेम इतकी आवळतात की पक्ष्याचे पाय जातात. माझं मत विचाराल तर तारा राहू द्या. हा पक्षी इथेच उतरलाय.

जवळ सरकायचं असेल तर तिरकं, थांबत थांबत, बसूनच. थव्याकडे बघत राहा. चरणारे रोहित माना वर करून एकाच दिशेने चालू लागले, तर तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा, चार पावलं मागे या. त्यांचा चरायचा वेळ दोन भरत्यांच्या मधला, मोजका असतो. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी उभं राहू नका. पाणी चढलं की थवा आपोआप उडतो, फक्त वाट बघायची तयारी हवी.

*सावध:* मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवू नका. ड्रोन अजिबात नाही. हे अभयारण्य आहे.

७. बोटीतून काढताना

बोटीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते. आधी आरक्षण करा आणि वेळ विचारून घ्या, तुमच्या सोयीची वेळ मागू नका. सुट्टीच्या दिवशी थेट जाऊन जागा मिळेल या भरवशावर लांबून येऊ नका.

बोटीत तिपाई निरुपयोगी. इंजिनाची थरथर तिपाईतून थेट कॅमेऱ्यात जाते. कोपर कठड्यावरही टेकू नका, अंगाला चिकटवा. शटर १/२००० च्या खाली येऊ देऊ नका. नावाडी इंजिन बंद करतो ती दोन-चार मिनिटं खरी. तेव्हा पडद्यावर फोटो बघत बसू नका.

बसण्याची बाजू विचारून घ्या: जाताना कुठल्या हाताला चिखल येणार? आणि उभे राहू नका. एक उभा राहिला की मागच्या सहा जणांच्या फ्रेममध्ये त्याची टोपी येते.

८. कधी थांबायचं

साडेनऊ-दहानंतर ऊन तापलं की चिखलावरून हवा थरथरू लागते. दूरचा पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. फोटो मऊ येतात आणि लोक लेन्सला दोष देतात, फोकस दुरुस्त करायला देतात. लेन्स ठीक असते. या थरथरीवर महागातली महाग काचही चालत नाही. अंतर कमी झालं तरच उपाय होतो. पाणी तेव्हा पक्ष्यांना अगदी जवळ आणत असेल तर थांबा, नाहीतर कॅमेरा ठेवा आणि नाश्त्याला जा. मिसळ खाऊन घ्या, झोप काढा, भरती जुळत असेल तर दुपारी चारनंतर पश्चिम काठ बघा.

९. परतल्यावर त्याच रात्री

आधी कॅमेरा. खारी हवा धातूच्या कडांवर आणि काचेवर बसते. किंचित ओलं फडकं, मग कोरडं, आणि पिशवीत सिलिका जेलची पुडी.

मग कार्डाची नक्कल, दोन ठिकाणी. निवड दुसऱ्या दिवशी करा, कारण दमलेल्या डोळ्यांना सगळंच चांगलं किंवा सगळंच वाईट दिसतं.

रंग वाढवण्याचा मोह आवरा. लहान रोहित मुळात पुरेसा गुलाबी आहे, त्याला सॅच्युरेशनने लग्नाच्या मांडवासारखं करू नका. पक्षी ओळखायला कुणाला पाठवणार असाल तर न सजवलेला फोटो पाठवा. रंग बदलला की ओळखही बदलते.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करा: तारीख, वेळ, भरतीची स्थिती, अंदाजे संख्या. खरोखर दुर्मिळ पक्षी असेल तर त्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर त्याच दिवशी टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बांधावर चाळीस लेन्सा उभ्या राहतात आणि संध्याकाळपर्यंत पक्षी गेलेला असतो.

आणि वहीत एक ओळ: तिथी, भरतीची छापील वेळ, आणि त्या जागी पाणी खरोखर किती वाजता भरलं. छापील वेळेत आणि त्या काठाच्या वेळेत किती फरक पडतो, ते चार-पाच फेऱ्यांत तुमच्या हाती येईल. मावसभाऊ आता तेच करतो. यंदा फेब्रुवारीत त्याने मला फोन केला, प्रश्न न विचारता: "द्वादशीला येतोय. भरती दहाला, मी सहाला."